शिळ्या वर्तमानपत्रांतला चषक

मुलांनो,

तुमचं पत्र परवा आलं. धाकट्याने लिहिलं आहे की शनिवारी तिकडे विलायतेत तुम्ही दोघं फुटबॉलच्या चषकाचा सामना पाहायला गेलात, तो बरोबरीत सुटला, आणि आता पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार. खाली तुमच्या आईसाठी एक ओळ आहे: "आजीला यातलं काही कळायचं नाही, तिला फक्त सांग की आम्ही भिजलो नाही." तुमच्या आईने हसत हसत ती ओळ मला वाचून दाखवली. मी हसले नाही. मला कळतं. बरोबरी म्हणजे काय आणि पुन्हा होणाऱ्या सामन्याची वाट कशी पाहतात, ते तुमच्या फार आधी मला कळलं आहे, आणि तेही अमरावतीत बसून. आजवर हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. आता विषय तुम्हीच काढला आहे, तर लिहून पाठवते. क्रमाने लिहिणार आहे. मधलं सोडून शेवटाकडे पळू नका.

माझे वडील अमरावतीला कापूस खरेदी करणाऱ्या एका इंग्रजी कचेरीत दुभाषे होते. आमची जमीन बाळापूरकडे होती, ती काका पाहत. अमेरिकेत लढाई चालू होती आणि तिथला कापूस अडला होता तोवर वऱ्हाडचा कापूस विलायतेला इतक्या भावाने जाई की, ज्यांनी कधी गाव सोडलं नव्हतं ती माणसंही अमेरिकेत काय चाललंय ते विचारत. मग लढाई संपली, भाव उतरला, आणि आलेले साहेबलोक एकेक करून निघून जाऊ लागले. वडिलांचे साहेब अजून होते. थंडीत कापूस निघाला की ते अकोला, खामगाव असे फिरत, महिना महिना बंगल्यावर नसत.

बंगला गावाबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला होता. तिथे त्यांची मडम एकटी असे. तिला मूल नव्हतं. नोकरांशी बोलायला तिच्याकडे थोडेसे हिंदुस्तानी शब्द होते, त्यातले निम्मे स्वयंपाकाचे. तिने वडिलांना विचारलं, एखाद्या चांगल्या घरची बाई दुपारी येऊन बसेल का? चांगल्या घरची कुठलीच बाई गेली नसती. वडिलांनी मला नेलं.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आई गेलेली. तिच्या आजारपणात माझं लग्न राहून गेलं होतं, आणि माझ्या वयाच्या मुली एक तर सासरी होत्या किंवा सासरी जायच्या तयारीत. घरी वडिलांची मोठी बहीण होती, माझी आत्या. ती विधवा होती आणि सगळं घर तिच्या हाती होतं. तिचं आणि वडिलांचं त्या दिवशीचं बोलणं मला नीट आठवतं.

"भाऊ, पोरीले बिघडवून राहिला तू."

"बाई, त्या साहेबाचं अन्न खातो आपुन. त्याची बायको तिकडं येकटी बसून रडते."

"रडते त रडो. आपल्या पोरीनं काय जाऊन तिचे डोळे पुसाव?"

"पुसू नको म्हनाव. नुसती बस म्हनाव."

आत्याने शेवटी परवानगी दिली, पण अटी घातल्या. आल्यावर मागच्या दाराने यायचं, विहिरीवर अंघोळ करायची, बंगल्यावरचं लुगडं तिथेच पिळून वाळत घालायचं, आणि तिथला कागदाचा कपटाही घरात आणायचा नाही. खायचं तर नावच नको.

पहिले काही दिवस आम्ही दोघी खरोखर नुसत्या बसलो. ती शिवत असे, मी तिची सुई बघत असे. मग एक दिवस टपाल आलं. आगगाडी बडनेऱ्यापर्यंत यायची, तिथून टपाल टांग्याने यायचं. सुतळीने बांधलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. तो मडमेच्या धाकट्या भावाने पाठवला होता. आई लवकर गेल्यामुळे या भावाला तिनेच वाढवलं होतं. तो उत्तर इंग्लंडातल्या त्यांच्या गावी एका कारखान्याच्या कचेरीत कारकून होता आणि शनिवारी गावच्या क्लबातून चेंडू खेळत असे. त्या वर्षी तिथल्या क्लबांसाठी कुणीतरी चांदीचा चषक ठेवला होता. हरेल तो बाहेर, जिंकेल तो पुढे. आज तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही, पण तेव्हा हे त्यांच्याकडेही नवीनच होतं.

मडमेने सुतळी सोडली, पेपर तारखेप्रमाणे लावले, सगळ्यात जुना वर घेतला आणि बाकीचे एका कापडाखाली झाकून ठेवले. रोज एक. सगळे महिनाभराचे शिळे, तरी रोज एकच. पुढे मला बोलता यायला लागल्यावर मी तिला विचारलं, "शेवटचाच आधी उघडला तर?"

ती म्हणाली, "मग मधल्या दिवसांत मी काय करू?"

माझं इंग्रजी त्या पेपरांतून आलं. पाटी नाही, पुस्तक नाही. सामन्याची हकीकत आली की ती व्हरांड्यातल्या मेजावर सरकी, म्हणजे कापसाच्या बिया, मांडायची. एका बाजूला आपले, दुसऱ्या बाजूला ते. काड्यांचे खांब. भावाच्या जागी एक हरभरा. मग वाचत वाचत ती सरकी हलवायची: डावीकडून, पुढे, मागे, मधून, बाहेर. इंग्रजीत हे सगळे शब्द मला सरकीने शिकवले. तेव्हाचे नियम तुमच्यासारखे नव्हते. खांबांच्या दोन्ही अंगांना आणखी झेंडे असत. चेंडू खांब आणि झेंडा यांच्या मधल्या जागेतून गेला आणि आपल्या माणसाने त्याला पहिला हात लावला, तर त्याला ते 'रूज' म्हणत. दोघांचे गोल सारखे झाले तर ज्याचे रूज जास्त तो जिंकला. तेही सारखे झाले तर बरोबरी, आणि सामना पुन्हा.

प्रत्येक हकिकतीत चिखल असे. म्हणून चिखल हा माझा पहिला इंग्रजी शब्द. साहेब एकदा फिरतीवरून परतले तेव्हा मडमेने मला पुढे केलं आणि काहीतरी बोल म्हणाली. मला येत होतं ते एक वाक्य मी बोलले: "मैदान चिखलाने फार जड होतं, पण आपल्या माणसांनी धीर सोडला नाही." साहेबांनी बाहेर पाहिलं. अंगणात धूळ उडत होती. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती तोंडावर रुमाल धरून हसत होती. मी तिला हसताना प्रथम पाहिलं ते तेव्हा.

पहिला सामना तिच्या भावाचा क्लब सहज जिंकला. दुसरा बरोबरीत सुटला, पुन्हा झाला, मग जिंकला. याच दिवसांत साहेबांना मुंबईहून हुकूम आला की अमरावतीची कचेरी बंद करायची आणि विलायतेला परतायचं. त्यांना पहिल्या बोटीने निघायचं होतं. मडम नाही म्हणाली.

"आपण निघालो तर माझे पेपर इकडे येत राहतील आणि मी तिकडे जात राहीन," ती म्हणाली. "समुद्रात आमची चुकामूक होईल. चषकाचा निकाल लागेपर्यंत मी हलणार नाही."

"अगं, तिथे पोचलीस की तुझा भाऊच सांगेल."

"सांगेल. पण मला त्याच्याबरोबर जायचं आहे. रोज थोडं थोडं."

साहेब चांगला माणूस होता. तो थांबला.

मी तिथे बसले होते आणि मला सगळं समजलं होतं. ते समजलं हाच माझा घात झाला. क्लब हरला की मडम जाणार. क्लबाने चषक जिंकला तरी मडम जाणार. आणि मला अजून एकटीला वाचता येत नव्हतं. ती ओळीवरून बोट फिरवायची, मी त्या बोटामागून जायचे. बोट उचललं की अक्षरं नुसत्या मुंग्या होत. ती आणखी थोडे महिने राहिली तरच मला ते येणार होतं, नाहीतर वाटेत सुटणार होतं. अमरावतीत दुसरं कोण मला शिकवणार होतं? वडील? त्यांचं इंग्रजी भावाचं, गाठींचं आणि वजनाचं. ते बोलत ठीक, पण पेपर हातात घेतला की त्यांना घाम फुटे.

म्हणून मला बरोबरी हवी होती. नुसती बरोबरी, पुन्हा पुन्हा.

उन्हाळा लागला. अंतिम सामन्यापर्यंत क्लब पोचला होता, त्याचं टपाल यायचं होतं. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी मी मागच्या अंगणात बसून सामना मांडला. राखेने चौकट ओढायला गेले ती गोलच झाली, कारण सरळ रेघ मला जमेना. दोन बाजूंना सरकी, मध्ये हरभरा. आत्या विहिरीवरून आली आणि पाहून थबकली.

आमच्या वऱ्हाडात अक्षय्य तृतीयेला काही गावांत शेतात घट मांडतात, हे तुम्ही ऐकलंही नसेल. गोल आखून त्यात वेगवेगळी धान्यं ठेवायची आणि रात्रभर तिकडे फिरकायचं नाही. सकाळी कोणतं धान्य हललं, कोणतं बाहेर गेलं, यावरून वर्षाचं भाकीत सांगायचं.

"घट मांडला वं पोरी?" आत्याने हळूच विचारलं. "काय पुसलं?"

मी घाबरून खरंच सांगितलं. "मडमेच्या भावाचे चेंडूवाले जितन का हरन."

वडील ओट्यावर होते. ते हसायला लागले. "अवं बाई, थो खेळ महिन्यामागंच आटोपला. तिकडं लोक इसरूनही गेले असन."

"बातमी आली का?"

"नायी आली."

"मंग आपल्यासाठी व्हायचाच हाय," आत्या म्हणाली आणि अंगणाचं दार ओढून घेतलं. "कोनी जाऊ नका तिकडं."

सकाळी शेजारच्या दोघी बायका हजर होत्या. आपण कुणाला काही सांगितलं नव्हतं, असं आत्या म्हणाली. त्यांच्यामागे एक कापसाचा अडत्याही आला, जोडे काढून दाराशी उभा राहिला. आत्या गोलापाशी वाकली. सरकीच्या दोन्ही बाजू होत्या तिथेच होत्या. हरभरा मात्र रेघेच्या बाहेर जाऊन पडला होता. उंदीर असेल किंवा चिमणी.

"कोनी जितलं नायी, कोनी हरलं नायी," आत्या म्हणाली.

"आन भाव?" अडत्याने विचारलं.

"कशाचा?"

"कपाशीचा, माय. सरकी हाय ना."

आत्या गोंधळली नाही. "जिथल्या तिथं," ती म्हणाली. अडत्याने मान हलवली आणि जोडे घालून गेला. संध्याकाळपर्यंत बाजारात बोललं जात होतं की दुभाष्याच्या बहिणीच्या घटात भाव स्थिर निघाला आहे. वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला.

हरभऱ्याबद्दल मी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "थो? थो कोनी परदेसी असन. जाते."

टपाल आलं. मडमेने नेहमीप्रमाणे पेपर लावले आणि रोज एक उघडला. शेवटी त्या सामन्याचा दिवस आला. तिने मला वाचायला सांगितलं, बोट तिचं. दोन्हीकडे एक एक गोल, दोन्हीकडे एक एक रूज, आणि अंधार पडल्यामुळे खेळ थांबवला. चषक दोन शनिवारांनी पुन्हा खेळायचा. मडमेने मेजावर हात आपटला, सरकी उडाली. "पुन्हा!" ती म्हणाली, आणि हे हसणं आहे की रडणं ते मला कळेना. मी मात्र आनंदाने उभीच राहिले. आत्याचा घट खरा ठरला होता. आता आणखी एक टपाल येईपर्यंत ती माझी.

त्याच संध्याकाळी साहेबांनी तिला सांगितलं की बोटीच्या जागा ठरल्या आहेत. दोनदा त्यांनी पुढे ढकललं होतं, आता मुंबईची मंडळी ऐकायला तयार नव्हती, आणि उन्हाने त्यांची स्वतःची तब्येतही ढासळली होती. हे मला दुसऱ्या दिवशी वडिलांकडून कळलं. मी बंगल्यावर गेले तेव्हा ट्रंका उघड्या होत्या. तिने वाद घातला नसावा. ती कपडे घडी करत होती, आणि मी आल्याचं तिला बराच वेळ कळलं नाही.

मी विचारलं, "बरोबरी झाली तरी?"

"बरोबरी झाली तरी," ती म्हणाली.

मग तिने मला शेजारी बसवलं. पुढचा गठ्ठा बंगल्यावरच येईल, तो मला द्यावा, असं तिने वडिलांना सांगून ठेवलं होतं. "मी समुद्रात असेन तेव्हा तुला निकाल कळेल," ती म्हणाली. "माझ्या आधी. तू वाच." मी म्हटलं, मला एकटीला येत नाही. ती म्हणाली, "माहीत आहे," आणि पुन्हा घड्या घालू लागली.

घरी मी हे सांगितलं. त्यावर आत्याने जे काढलं ते मला अपेक्षित नव्हतं. "सवाशीण बाई लांब चालली. तिची ओटी भराले पाहिजे."

वडील म्हणाले, "भर ना मंग."

"मी भरू?" आत्या म्हणाली. ती विधवा होती. मी कुमारी. आई असती तर तिने भरली असती. आत्या तीन घरी जाऊन आली, कुणी यायला तयार होईना. मडमेची ओटी? आणि बंगल्यावर जाऊन? एकीने तर विचारलं, ती कुंकू लावते का? आत्या परत आली, सुपात काढलेले तांदूळ आणि नारळ तसेच ठेवले, आणि त्या रात्री जेवली नाही. मडम ओटीवाचून गेली. तिला ओटी म्हणजे काय ते माहीतही नसेल. पण आमच्या घरात ते राहून गेलं, आणि त्यासाठी घरात माणूस नव्हतं हे त्या दिवशी तिघांनाही दिसलं.

वडील त्यांना पोचवायला बडनेऱ्यापर्यंत गेले. मला नेलं नाही.

गठ्ठा आला तेव्हा मृग लागायला आला होता. बंगल्याला कुलूप होतं, टपालवाल्याने तो वडिलांच्या हातात दिला. आत्याचा कागदाचा नियम कायम होता, म्हणून मी गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले. सुतळी सोडली. तारखा लावल्या, आकडे मला येत होते. सगळ्यात खालचा काढावा असं फार वाटलं. काढला नाही. रोज एक उघडला, आणि ज्यात सामना नव्हता तेही वाचत बसले: मेंढ्यांचे भाव, कुणाच्या तरी लग्नाची बातमी, धुक्यात उलटलेली गाडी. आधी बोटाशिवाय ओळ धरता येईना. मग स्वतःचंच बोट ठेवलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी लक्षात आलं की बोट मागे राहिलं आहे आणि मी पुढे गेले आहे.

तो दिवस आला. चिखल होता. वारा आडवा होता. एकच रूज झाला, तो समोरच्यांचा, शेवटच्या घटकेला. तिच्या भावाबद्दल दोन ओळी होत्या, की तो जखमी पायानिशी अखेरपर्यंत मैदानात राहिला. त्या ओळींत एक शब्द मला येत नव्हता. विचारायला कोणी नव्हतं. मागचं पुढचं जुळवून मी त्याचा अर्थ लावला, आणि तो बरोबर होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

चषक गेला होता. अमरावतीत हे फक्त मला माहीत होतं. तिला अजून माहीत नव्हतं, ती कुठेतरी पाण्यावर होती. मला कुणाला तरी सांगायचं होतं. जवळ फक्त म्हैस होती.

आत्या चारा घेऊन आली. माझं तोंड पाहून म्हणाली, "कोन जितलं?"

"हरले थे."

"आन तिले कळलं?"

"अजून नायी. बोटीत हाय ते."

आत्याने चारा टाकला. "मंग तोवर बरं हाय तिचं," ती म्हणाली. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाली, "आन तू वाचलं हे? तुया तुनंच?"

"हो."

"कोनी न सांगता?"

"हो."

 अंघोळ करून घरात ये, ती म्हणाली.

मडमेचं पुढे काही कळलं नाही. ती कोणत्या गावी पोचली, भावाने तिला कसं सांगितलं, पुन्हा चषक खेळले का, काहीच नाही. वडिलांना अकोल्याला कोर्टात काम मिळालं, आम्ही अमरावती सोडली. ते पेपर गोठ्यातच राहिले आणि वाळवीने खाल्ले. अकोल्यालाच माझं लग्न झालं. तुमच्या आजोबांनी पुढे मला पुस्तकं आणून दिली, त्यांना वाटे की मला इंग्रजी त्यांनी शिकवलं. मी तसं वाटू दिलं. तुमच्या आईला मात्र मी शिकवलं, आणि डावीकडे, उजवीकडे, मागे, मधून हे शब्द आधी शिकवले.

बंगल्याच्या जागी आता कापूस दाबायचा कारखाना आहे. तो क्लब अजून आहे की नाही ते मला ठाऊक नाही, तुम्हाला शोधता येईल, पण मला सांगायला हवंच असं नाही. आत्या नाही, वडील नाहीत. मला इंग्रजी वाचता येतं. तेवढं राहिलं आहे.